कोपराखाली चार बोटं

भिंतीला छिन्नी लावण्याआधी तो तिच्यावर उजवा तळवा टेकवायचा, मान जराशी कलती करायचा आणि म्हणायचा, "बघू, काय म्हनती." मग बोटाच्या पेराने दोनदा टकटक. भिंत काय म्हणायची ते आम्हाला कधी ऐकू आलं नाही. त्याला मात्र यायचं. "ही ऱ्हाऊ द्या," किंवा "हिला काढा, हिच्यात काय जीव नाय," असा निकाल देऊन तो मोकळा व्हायचा, आणि आमच्या सासूबाई दारात उभ्या राहून मान डोलवायच्या, जणू काही त्यांनीही तेच ऐकलं होतं.

मी त्या माणसावर जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे काही लिहीन त्यात किती पाणी आणि किती दूध ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

तो गवंडी होता. दिंडोरीकडचा, पन्नाशीच्या आतबाहेरचा, डोक्याला कायम मळकट टॉवेल गुंडाळलेला. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, आम्हीही मिस्त्रीच म्हणायचो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जेल रोडच्या एका सोसायटीत आमचं बैठं घर होतं, सासऱ्यांनी नोकरीत असताना बांधलेलं. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे मोरी. मुलं मोठी होत होती, घर तेवढंच होतं. शेवटी आमच्या ह्यांनी मनावर घेतलं: मागे एक खोली वाढवायची, स्वयंपाकघर नवं करायचं, मोरीची न्हाणी करायची. दोन महिन्यांचं काम, भाड्याने कुठे राहायला जायचं, इथेच राहू. दोन महिन्यांचे सात झाले. तुमच्या घरात कधी काम निघालं असेल तर तुम्हाला याचं नवल वाटणार नाही.

ज्यांच्या घरी निघालं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गॅस पुढच्या खोलीत आला, सोफ्याच्या शेजारी. पाहुणा आला की कुकरची शिट्टी त्याच्या कानाशी व्हायची. फ्रीज झोपायच्या खोलीत, टीव्ही माझ्या जुन्या साडीत गुंडाळलेला, देव एका ट्रंकेवर. डाळीत वाळू, पोह्यांत वाळू, मुलांच्या वह्यांत वाळू. मी सरकारी कचेरीत कारकून होते. टेबलावर फाइल आपटली की माझ्याच पदरातून सिमेंट उडायचं. आमचे हे अंबडच्या कारखान्यात पाळीवर जायचे. त्यांना या सगळ्यातून आठ तासांची सुटका होती. मला साडेनऊ ते साडेपाच होती. सासूबाईंना अजिबात नव्हती, आणि त्यांना ती नकोही होती.

कारण घरात मिस्त्री होता.

सासूबाई निफाडकडच्या. बोलणं मोजकं, चेहरा बंद कपाटासारखा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्यात त्यांनी माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही आणि भांडल्याचंही आठवत नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या असायच्या. मी त्यांना आई म्हणायचे, कारण म्हणायची पद्धत असते. आणि हा माणूस पहिल्या दिवशी ओसरीत चप्पल काढून म्हणाला, "आई, पानी द्याल का?" आणि त्याच्या तोंडून तो शब्द असा सहज बसला की मला माझ्या अकरा वर्षांची लाज वाटली.

दुसऱ्या आठवड्यात मी कपबशीवरून पेटले. बाकी माणसांना चहा स्टीलच्या पेल्यांतून जायचा. मिस्त्रीला निळ्या फुलांच्या कपात, बशीसकट. तो संच माझ्या माहेरचा. पाहुण्यांसाठी ठेवलेला, मी स्वतः त्यात कधी चहा प्यायले नव्हते.

"आई, तो कप पाहुण्यांचा आहे," मी म्हणाले.

"मग?" त्या म्हणाल्या. एवढंच.

मिस्त्री चहाचा घोट घेऊन डोळे मिटायचा. "आई, आल्याचा हात लागावा तर तुमचा." सासूबाई हसायच्या. त्यांना वरच्या बाजूला एक दात कमी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, निदान तो कागदाच्या वाटेला जायचा नाही. आराखडा आमच्या ह्यांनी त्याच्या हातात दिला तर त्याने घडी करून खिशात ठेवला आणि तो घामाने विरून गेला. त्याची मापं माणसांवरून असायची. बटणाचा बोर्ड कुठे? तर धाकट्याला हात वर करायला लावायचा आणि थापीच्या टोकाने भिंतीवर रेघ मारायची. खिडकी किती खाली? तर सासूबाईंना खाटेवर बसवून "आई, गल्ली दिसती का?" असं विचारायचं आणि रेघ मारायची. घरभर त्याचे ओरखडे झाले.

"मिस्त्री, भिंती विद्रूप करू नका," मी एकदा म्हणाले.

"झाकून जातंय ताई. वरून गिलावा येतो, रंग येतो. मापं आतच ऱ्हात्यात."

खिडकी इतकी खाली कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "आईंनी सांगितलं." मोरीत भिंतीला आडवा पाइप कशाला? "आईंचा गुडघा. उठताना धरायला." मला काहीतरी टोचून बोलायचं होतं, म्हणून म्हटलं, "कोणता गुडघा?" तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "उजवा." मला माहीत नव्हतं. एका घरात राहून, रोज ताटाला ताट लावून जेवून, मला त्यांचा दुखरा गुडघा कोणता ते माहीत नव्हतं.

एका रविवारी मी पडद्याआड डाळ निवडत होते. पलीकडे तो विटा रचत होता आणि सासूबाई बोलत होत्या. बोलत होत्या! हे घर बांधलं तेव्हा आमच्या ह्यांच्या वेळचे सहा महिने भरले होते, आणि तशा अवस्थेत त्या लांबच्या हौदावरून कळशी आणून भिंतींवर पाणी मारायच्या, दोन वेळा. सासऱ्यांना माणूस लावायला सुचलं नाही, आणि सासूबाईंनी म्हटलं नाही. "म्हनून ही भिंत अशी पक्की," मिस्त्री म्हणाला. "हात लावला तवाच कळलं मला. पोटभर पानी प्यालीय."  मग पदराचा आवाज आला, नाक पुसल्याचा.

संध्याकाळी मी म्हटलं, "आई, हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"तू कधी विचारलं?"

मला कोण विचारत होतं, हा माझा प्रश्न होता. कचेरीत साहेब विचारत नव्हते, घरात हे विचारत नव्हते. खिडकी कुठे हवी, बोर्ड कुठे हवा, घर नवं होत होतं आणि त्यात राबणारी मी, मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. म्हणजे मी नुसती त्याच्यावर जळत नव्हते. सासूबाईंवरही जळत होते, कारण त्यांना विचारणारं कोणीतरी आलं होतं.

तो चुकावा याची मी वाट पाहायचे. एके दिवशी नव्या खोलीची एक भिंत मला किंचित वाकडी वाटली. मी कचेरीत दिवसभर वाक्य जुळवत होते: "काय मिस्त्री, आज भिंत काही बोलली नाही वाटतं?" घरी येऊन पाहते तर अर्धी भिंत उतरवलेली. "वाकडी झाली," तो विटा साफ करत म्हणाला. "माझीच चूक." माझं तयार वाक्य तोंडातल्या तोंडात गेलं. माणसाने एवढा आनंदसुद्धा मिळू देऊ नये?

आता ओट्याचं सांगते.

त्या दिवशी मी लवकर घरी आले. नव्या स्वयंपाकघरात गिलावा ओला होता. मिस्त्रीने सुट्या विटा रचून एक लुटुपुटीचा ओटा केला होता, वर फळी, फळीवर आमची परात. सासूबाई पीठ नसलेल्या परातीत भाकरी थापत होत्या, अगदी मन लावून, आणि तो उकिडवा बसून त्यांच्या कोपराकडे पाहत होता. "अजून एक वीट काढू का आई? खांदा वर जातोय तुमचा." वीट काढली. परत थापणं. मग त्याने कोपराखाली चार बोटं आडवी धरली आणि भिंतीवर रेघ मारली. "कोपराखाली चार बोटं. हा बाईच्या ओट्याचा हिशेब. इंच-फुटावर वटा केला की बाई जल्मभर पाठ धरून बसती."

सासूबाई माझ्याहून वीतभर बुटक्या. त्या उंचीच्या ओट्यावर मी काम करायचं म्हणजे रोज कमरेत वाकायचं. आणि पुढची तीस वर्षं तिथे कोण उभं राहणार होतं?  मी भिंतीला पाठ लावून, कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि सात महिन्यांचं सगळं बाहेर काढलं. घर कोणाचं, स्वयंपाक कोण करतं, पहाटे पाचला कोण उठतं, माप घेताना घरातल्या बाईला विचारायची रीत आहे की नाही. निळ्या कपाचंही काढलं.

सासूबाई परात हातात धरून उभ्या राहिल्या. मिस्त्रीने मला मध्ये तोडलं नाही. तो माझ्या तोंडाकडे पाहतच नव्हता. माझ्या कमरेवरच्या हाताकडे कुठेतरी पाहत होता, आणि नजर चुकवतोय लबाड, असं मला वाटलं.

"तुम्ही बी या ताई," माझं संपल्यावर तो म्हणाला. "तुमचं बी माप घेतो. मंग दोघी मिळून ठरवा."

आणि तुम्हाला सांगते, मला त्या वेळी हेच तर हवं होतं. सात महिने हेच हवं होतं. पण भांडून मिळालेलं घ्यायचं कसं? "मला माप-बिप द्यायचं नाही," मी म्हणाले. "दुसरी प्रत आहे आराखड्याची. कागदावर जेवढा आहे तेवढा करा."

"ठीक हाय," तो म्हणाला आणि फळीवरची परात सासूबाईंच्या हातात नीट दिली. "कागद सैपाक करंल."

ओटा कागदावरचा झाला. सासूबाईंना उंच आणि मला ठेंगणा. त्या पाटावर उभ्या राहून भाकरी थापू लागल्या, मी वाकून. पाठ दुखायची, पण सांगणार कोणाला?

काम संपलं. सत्यनारायण घातला. आमच्याकडे काम संपलं की गवंड्याला पूजेला बोलावतात, टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन जेवू घालतात, मगच घर पुरं झालं असं मानतात. सासूबाईंनी टॉवेल आणि टोपी स्वतः बाजारात जाऊन आणली. दुखऱ्या गुडघ्याने. मिस्त्री तेव्हा उपनगर नावाच्या वस्तीत दुसऱ्या कामावर होता, माझ्या कचेरीच्या वाटेवरच.

"त्याला निरोप दिलास ना?" त्यांनी दोनदा विचारलं.

"दिला," मी दोनदा म्हणाले.

मी दिला नव्हता. दोन दिवस त्या कामावरून रिक्षाने गेले, दोन्ही दिवस तो बांबूच्या परांचीवर उभा दिसला, आणि मी रिक्षा थांबवली नाही. एवढा एक दिवस तरी घर माझं असावं, त्यात तो नसावा, असं मला वाटलं.

पूजा झाली, पंगत बसली, उठली. सासूबाई त्या ठेंगण्या खिडकीपाशी खाटेवर बसून होत्या. गल्ली दिसत होती. "येईल," त्या म्हणत होत्या. "काम सोडून यायचं म्हंजे येळ लागतो." चार वाजता त्यांनी उपास सोडला, तोही दोन घास. टॉवेल-टोपी कपाटात गेली. "इसरला असंल," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा परत बंद झाला. मला वाटलं होतं मला बरं वाटेल.

आठ-दहा दिवसांनी तो आला. मागच्या अंगणात त्याचा भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा राहिला होता. मी ओट्याशी होते. दाराला वाळलेलं आंब्याचं तोरण होतं, ते त्याने वर मान करून पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. माझे हात पिठात थांबले. आता हा म्हणणार, आई, मला कोणी सांगितलंच नाही. म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता.

"का रं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वेगळाच येत होता. "सुनेनं निरोप दिला व्हता ना? वाट पाहिली मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. भिंतीवर हात ठेवताना जसा बघायचा तसा.

"मिळाला व्हता आई," तो म्हणाला. "ताई सोता येऊन सांगून गेल्या. पन म्या गडावर गेल्तो, सप्तशृंगीला. नवस व्हता. चुकी झाली माझी."

सासूबाईंनी त्याला कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली, घरात जे होतं ते वाढलं. तो जेवला. निळ्या कपात चहा मी केला आणि माझ्या हाताने नेऊन दिला. त्याने घोट घेऊन डोळे मिटले. "आल्याचा हात चांगला हाय ताई," तो म्हणाला. उपकारांचं ओझं माणसाला नीट उभं राहू देत नाही. मी त्याला धन्यवाद दिले नाहीत. उलट त्या दिवशी मी त्याच्यावर सगळ्यात जास्त जळले, कारण असं वागणं मला सात जन्मांत जमलं नसतं.

तो पुन्हा आमच्या घरी आला नाही.

पाच वर्षांनी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मी त्यांचा गुडघा चोळायचे. उजवा. एके दुपारी त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "मिस्त्री भला मानूस व्हता. तुझ्यापायी खोटं बोलला."

माझा हात थांबला.

"गडावर जाऊन कोन मोकळ्या हातानं येतं? परसाद नाय, कुंकू नाय," त्या म्हणाल्या. "तवाच कळलं मला."

पाच वर्षं! पाच वर्षं त्यांना माहीत होतं, आणि त्या माझ्या हातचं जेवत होत्या, एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. "आई, चुकलं माझं," मी म्हणाले. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाल्या, "चोळ, थांबू नको." त्या दोघांनी मिळून मला सांभाळून घेतलं होतं. मी मात्र सगळा वेळ मला या घरात कोणी मोजत नाही म्हणून रडत होते. त्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या.

मी मिस्त्रीचा शोध घेतला. सकाळी गवंडी आणि बिगारी कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावर जाऊन विचारलं. एक म्हातारा म्हणाला, त्याचे हात थरथरायला लागले, मग काम सोडून गावी गेला. गाव वणीच्या रस्त्यावर, एसटीने तास-दीड तासाचं. मी गेले नाही. आज जाऊ, दिवाळीनंतर जाऊ, असं करत राहिले. लाज वाटत होती, हे खरं कारण. पुढे कळलं की आता जाऊन उपयोग नाही.

त्यानंतर काही वर्षांनी मुलीने हट्ट धरला की स्वयंपाकघर आजच्या पद्धतीचं करायचं. नवा मिस्त्री आला. त्याच्याकडे मोबाइल होता, मोबाइलमध्ये फोटो होते. घरात पुन्हा धूळ, गॅस पुन्हा सोफ्याशेजारी.  कडप्पा निघाला, मागच्या टाइल्स उतरल्या, आतला जुना गिलावा उघडा पडला.

"मॅडम, हे काय आहे?" त्याने हाक मारली.

भिंतीवर थापीच्या टोकाने ओढलेल्या दोन रेघा होत्या. एक खाली, ओट्याच्या आत दडलेली. ती मला ओळखू आली. ती ओढताना मी पाहिली होती. दुसरी तिच्याहून वीतभर वर, टाइल्सच्या मागे. ती कधी ओढली ते मला माहीत नव्हतं. मी भिंतीशी जाऊन उभी राहिले, कोपर दुमडलं आणि त्याखाली चार बोटं धरली. चौथं बोट रेघेवर टेकलं.

मी कमरेवर हात ठेवून भांडत होते आणि तो माझं माप घेत होता. मी परवानगी दिली नाही म्हणून त्याने ओटा कागदावरचा केला, पण मी तिथून गेल्यावर माझी रेघ मारून ठेवली होती. मापं आतच राहतात, असं त्याने सांगितलं होतं. मला रडू आलं, आणि नव्या मिस्त्रीला वाटलं धूळ गेली डोळ्यांत.

"पाणी देऊ का?" तो म्हणाला. "मॅडम, ओट्याची हाइट किती धरू? इथे दोन खुणा आहेत. खरी कुठली?"

"दोन्ही खऱ्या आहेत," मी म्हणाले, आणि वरच्या रेघेवर बोट ठेवलं.